एकतीस चाळण्या

जे सांगतेय ते घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत घडलंय. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी ठेवू नये, माझं आता काही बिघडत नाही. जे बिघडायचं ते बिघडून गेलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. ती रात्र नव्हती.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार. दुपारचा सव्वा वाजला होता. बाहेर स्वच्छ ऊन होतं, कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारा म्हातारा ओरडत होता. आमचं नीश शहर जेवायला बसलं होतं.

पण मी बसले होते त्या खोलीत काळोख होता. तिथे काळोख लागतोच. दाराला काळा पडदा, भिंती काळ्या, आणि मधोमध आमच्या ओग्न्येनने बांधलेलं मशीन.

मी विदोसावा. सगळे विदा म्हणतात. एका किडनी प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली, तिचं नाव इथे घेत नाही. माझं काम म्हणजे माणसाच्या किडनीतून सुईने काढलेला तुकडा घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखा करून द्यायचा. तुकडा शेवयाएवढा जाड असतो, फार तर. किती माणसं त्या शेवयांतून माझ्या हाताखालून गेली, देव जाणे.

किडनीत बारीक बारीक गोळे असतात. लोकरीच्या गुंड्यासारखे दिसतात. रक्त त्यांच्यातून गाळलं जातं. पुस्तकात त्यांना मोठं नाव आहे, आम्ही प्रयोगशाळेत त्यांना चाळण्याच म्हणायचो. चाळण्या चांगल्या, तर माणूस चांगला. चाळण्या गेल्या की संपलं.

आणि माझ्या गावात चाळण्या जायच्या.

राकित्ना. मोराव्हा नदीच्या काठी, सखल जमीन. सगळ्या गावात नाही हं... ठरावीक घरांतच. शेजारचं घर ठणठणीत आणि आमच्या घरात पन्नाशी गाठली की माणूस फिकट पडायचा. हातांचे तळवे तांब्याच्या रंगाचे व्हायचे. मग वर्षा-दोन वर्षांत फाटकावर त्याच्या फोटोचा कागद लागायचा. आमच्याकडे माणूस गेला की फाटकावर, विजेच्या खांबावर असा कागद चिकटवतात. आमच्या फाटकावरचा जुना कागद गळून पडायच्या आत नवा लागायचा.

बायका बाहेर सांगायच्या, हृदयाने गेला. मुलींची लग्नं व्हायची होती ना.

खूप पुढे कळलं की गव्हात उगवणारं एक तण होतं. लांडग्याचं सफरचंद म्हणतात त्याला. त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जायचं. विष रोज ताटात होतं... पावात.

माझी आजी स्तामेना घरचं पीठ चाळायची. दुपारी, ओसरीवर बसून. खस्... खस्... खस्... मध्येच चाळणीच्या कडेवर दोन बोटं टकटक मारायची. मग पुन्हा खस्... खस्... तिच्याएवढं बारीक पीठ गावात कुणाचं नसे. आणि त्या बारीक पिठातूनच तिने आम्हाला सगळ्यांना खाऊ घातलं. ती चौपन्नाव्या वर्षी गेली. तांबडे तळवे घेऊन.

तिच्या किडनीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत होता. नंबर बारा.

आता माझ्या भावाचं सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच होतं. मिलिसाव. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच वाढवला त्याला. घड्याळं दुरुस्त करायचा आणि काम करताना दातांतून शीळ घालायचा. कुठलं गाणं नाही, नुसतीच शीळ. दोन खोल्या पलीकडून कळायचं की मिलिसाव घरात आहे.

त्या वर्षी त्याला डायलिसिस सुरू होऊन सहावं वर्ष होतं. आठवड्यातून तीनदा सुया टोचून हाताच्या शिरा संपल्या. मग मानेतून नळी घातली, तिलाही जंतू लागले. डॉक्टर रायना, आमची किडनीची डॉक्टर, स्पष्ट बोलणारी बाई. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "विदा, नवीन किडनी मिळाली नाही तर हा उन्हाळा बघणार नाही."

मी म्हटलं, "माझी घ्या."

"तू राकित्नाची. तुमच्या घरातली किडनी मी कुणाला बसवू? आत काय सुरू झालंय कुणास ठाऊक."

सगळ्या तपासण्या केल्या. रक्त चांगलं, लघवी चांगली. डाव्या किडनीतून सुईने दोन शेवया काढल्या. एक नेहमीच्या पद्धतीने तपासली, काही सापडलं नाही. पण रायनाचं समाधान होईना. पातळ कापात एका वेळी चार-दोन चाळण्याच दिसतात, बाकीचं अंदाजाने. तिला दुसरी शेवई ओग्न्येनच्या मशीनखाली बघून हवी होती.

ओग्न्येन बेलग्रेडचा. पस्तिशीचा, केस कधी न विंचरलेला. चार वर्षं तो ते मशीन बांधत होता. तुकडा कापायचाच नाही. औषधात बुडवून बुडवून काचेसारखा पारदर्शक करायचा, कुपीत ठेवायचा आणि त्यातून उजेडाचं पातळ पान सरकवायचं. आतली एकूण एक चाळणी दिसते. संगणक त्यांना हिरवा रंग देतो आणि मोजतो. रोग लागण्याच्याही आधी, पहिला ओरखडा दिसतो. खरंच सुंदर होतं ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं.

पण मशीन खरं बोलतं का, हे अजून ठरायचं होतं. म्हणून आधी जुने तुकडे, ज्यांचा शेवट आम्हाला माहीत आहे असे. राकित्नाचे. तोच तुकडा तीनदा, चारदा लावायचा, आकडा तोच येतो का बघायचं. ओग्न्येनला नावं सांगायची नाहीत, फक्त नंबर. नावांची वही माझ्याकडे.

रायना म्हणाली, "हे पडताळून झालं की तुझा तुकडा लावू. फेब्रुवारीपर्यंत."

फेब्रुवारीपर्यंत मिलिसावची मान टिकणार नव्हती.

आता कपाटाचं सांगायला हवं.

आमच्याकडे चर्चमध्ये मेणबत्त्या दोन जागी लावतात. वरच्या तबकात जिवंतांसाठी. खालच्या तबकात, वाळूत, मेलेल्यांसाठी. लहान पोरालाही कळतं, कुणाची कुठे लावायची. आमच्या पेर्सिदाबाई... प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या, मला हे काम शिकवलं त्यांनी... त्यांनी कपाटाचंही तसंच केलं होतं. वरच्या खणात जिवंत माणसांचे तुकडे. माणूस गेल्याची चिठ्ठी आली की त्याचा तुकडा खाली. कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण चाळीस वर्षं कुणी मोडलं नाही.

ओग्न्येन हसायचा. "मावशी, फ्रीजमध्येही असंच करता का? जिवंत दही वर, मेलेली कोंबडी खाली?"

"तू तुझं मशीन सांभाळ," मी म्हणायची.

ऑक्टोबरात मी माझी कुपी खालच्या खणात ठेवली.

दुसरा मार्ग नव्हता. त्याच्या यादीत फक्त खालचा खण होता. मी माझ्या शेवईला सत्तावन्न नंबर दिला. वहीत पेन्सिलीने माझं नाव लिहिलं. कुपी आजीच्या कुपीशेजारी बसली, जागा तेवढीच होती. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. घाईत होते.

चार दिवसांनी ओग्न्येनने हाक मारली. "मावशी, हा सत्तावन्न नंबर कसला मेला? बघा तरी! एकतीस चाळण्या, एकही डाग नाही. ट्रकखाली आला होता काय?"

मी हसले. पोटभर हसले. मग संडासात जाऊन रडले.

रायनाला सगळं सांगितलं. तिने मला दहा मिनिटं फैलावर घेतलं, मग चष्मा काढून डोळे चोळले. "एकतीस?"

"एकतीस."

सव्वीस नोव्हेंबर. शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

मिलिसावला सांगितलं तर म्हणतो कसा, "ताई, किडनी राहू दे तुझ्याकडे. त्यापेक्षा एक तांब्याभर पाणी दे." सहा वर्षं त्याला दिवसाला दोन पेल्यांवर पाणी नव्हतं. उन्हाळ्यात ओठ फुटायचे.

आता तो शनिवार.

मित्रोव्दान सणाच्या आधीचा शनिवार आमच्याकडे मेलेल्यांचा. सकाळी बायका उकडलेला गोड गहू, पाव, मेणबत्त्या घेऊन कबरींवर जातात. मला राकित्नाला जायला वेळ नव्हता. ओग्न्येन आईकडे गेला होता आणि फेरतपासण्या मला उरकायच्या होत्या. चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, मिलिसावची वर, बाकीच्यांच्या खाली, आणि प्रयोगशाळेत आले.

पेर्सिदाबाई दर वर्षी त्या दिवशी खालच्या खणासमोर वाटीभर गहू ठेवायच्या आणि वहीतली नावं वाचायच्या. त्या निवृत्त झाल्यावर मी ठेवते. तेवढंच आपलं कुणी नसलेल्यांना.

वाटी ठेवली. मेणबत्ती लावली. वही उघडली.

स्तामेना. रादोये. पेत्रिया. स्तोयांका. एकेक नाव, आणि प्रत्येक नावामागे, "घ्या, तुमचं तुम्हाला पोचो." मनात दुसरेच विचार. मिलिसावची मान, सव्वीस तारीख, रजेचा अर्ज. ओठ आपले चालले होते.

"...विदोसावा. घ्या, तुमचं तुम्हाला..."

आणि मी थांबले.

मेणबत्ती सरळ जळत होती. काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही.

मी छातीवर क्रॉसची खूण केली, स्वतःला मूर्ख म्हणाले आणि मशीन सुरू करायला काळ्या खोलीत गेले. सत्तावन्नची कुपी लावली. उजेडाचं निळं पान तुकड्यातून सरकू लागलं. दीड तास लागतो. मी स्टुलावर बसले.

सव्वा वाजता पावाचा वास आला.

ताज्या पावाचा. भट्टीतून आत्ता काढलेल्या. त्या इमारतीत स्वयंपाकघर नाही, शनिवारी दुसरं माणूसही नाही.

मग लक्षात आलं... मशीनच्या पंख्याचा आवाज येत नाहीये. चेस्टनटवाल्याचाही नाही. सगळं शहर कुणी तरी झाकून ठेवल्यासारखं.

आणि मग...

खस्... खस्... खस्...

पडद्यापलीकडून. कपाटाच्या बाजूने.

खस्... खस्...

टक. टक.

ती दोन बोटं मी ओळखली. पन्नास वर्षांनीही ओळखली असती.

मला हलता येईना. किती वेळ गेला माहीत नाही. मग एकदम पंखा घरघरला, बाहेर म्हातारा ओरडला आणि संगणकाने मोजणी संपल्याची घंटा वाजवली.

एकोणतीस.

एकतीस नाही... एकोणतीस.

चित्र मोठं करून पाहिलं. दोन चाळण्या होत्या त्या जागी काही नव्हतं. रोगाने चाळणी मरते तेव्हा तिथे पांढरा वण राहतो, हजारो पाहिलेत मी. इथे वणही नव्हता. नुसती रिकामी जागा. कधी काही नव्हतंच असं.

पडदा सारून बाहेर आले. मेणबत्ती विझली होती. वाटीतला गहू तसाच होता. पण खणासमोरच्या फरशीवर पांढरी भुकटी पडली होती... बारीक. अगदी बारीक. मी ती बोटाने उचलून बघितली नाही. ओल्या फडक्याने पुसून टाकली आणि घरी गेले.

सोमवारी ओग्न्येन वैतागला. "सत्तावन्न माझं मशीन बिघडवतोय, मावशी! दोन चाळण्या खाल्ल्या त्याने. आणि हा बारा... बाराला पहिल्यांदा किती होत्या? तीन. म्हातारीच्या सगळ्या सडलेल्या, तीन उरलेल्या. आता लावला तर पाच!"

"बारा म्हातारी आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

तो गडबडला. "कुणी नाही. का कोण जाणे... तोंडातून गेलं."

गुरुवारी सत्तावन्न सव्वीसवर आला. बारा आठवर.

पुढच्या मंगळवारी सत्तावन्न वीस. बारा चौदा.

ओग्न्येन आरसे पुसत होता, दिवा बदलत होता, शिव्या देत होता. बेरीज त्याच्या लक्षात आली नाही. माझ्या आली होती. दर वेळी चौतीस. माझ्यातून जेवढ्या जात होत्या, तेवढ्याच तिकडे येत होत्या. नव्या, गुटगुटीत, हिरव्यागार.

औषधात मुरवलेलं मांस होतं ते! त्यात काही घडतच नाही. लोणच्याच्या काकडीला फूल येतं का?

मी पेर्सिदाबाईंकडे गेले. ऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी सांगत होते तोवर त्या कॉफी ढवळत होत्या. खालच्या खणाचं सांगितलं तेव्हा चमचा थांबला.

"जिवंत खाली ठेवलंस?"

"घाई होती हो."

"गधडे, मेणबत्ती खाली लावली असतीस का घाईत? आणि वही? वाचलीस?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"स्वतःचं नाव?"

"तोंडातून गेलं, बाई."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता वर ठेव. कुपी वर ठेवता येईल. दिलेलं नाव परत कसं घेशील, ते मला माहीत नाही." आणि माझ्यापुढची कॉफी त्यांनी उचलून मोरीत ओतली. मला पिऊ दिली नाही.

मी कुपी वर ठेवली. दुसऱ्या दिवशी लावली. वीस. तिसऱ्या दिवशी, वीस.

थांबलं होतं.

ओग्न्येनने सत्तावन्न आणि बारा, दोन्ही नंबर यादीतून काढून टाकले. मशीनचा दोष, असं लिहिलं. रायनाला कुणी काही सांगितलं नाही, कारण सत्तावन्न कोण हे तिला आणि मलाच माहीत होतं. बोलायचं तर मीच बोलायला हवं होतं.

रविवारी मिलिसाव जेवायला आला. लाल मिरचीची चटणी मी कपाटात लपवून ठेवायची, त्याला चालत नाही म्हणून. त्याने शोधून काढली, बाटलीचं झाकण हुंगलं आणि परत ठेवली. म्हणाला, "ताई, सत्तावीस तारखेला मी पहिली गोष्ट काय करणार सांगू? नळाला तोंड लावणार. बंदच करणार नाही. येऊ दे पाण्याचं बिल."

मी त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

पण सांगितलं असतं तर रायनाने त्याच क्षणी सगळं रद्द केलं असतं. आणि वीस तर होत्या ना अजून? लोक त्याहून कमीवर जगतात. आणि कदाचित मशीनच बिघडलं असेल. मी हे सगळं मनाशी घोकलं आणि त्याच्या ताटात भात वाढला.

सव्वीस नोव्हेंबरला माझी डावी किडनी मिलिसावला बसवली. टेबलावरच तिच्यातून लघवी सुरू झाली. रायना स्वतः मला सांगायला आली, हसत. त्या बाईला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

चौथ्या दिवशी मला त्याच्या खोलीत नेलं. दारातूनच शीळ ऐकू आली. हातात मोठ्ठा पेला, पाण्याचा. "बघ," म्हणाला आणि गटागट प्याला. दुसरा भरला. तोही प्याला. हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. आयुष्यात मी इतकी सुखी कधी नव्हते. हे मी लिहून ठेवतेय, कारण तेवढंच माझ्याकडे आहे.

एकोणचाळीस दिवस तो पाणी प्याला.

आमच्याकडे माणूस गेल्यावर आत्मा चाळीस दिवस घरात असतो म्हणतात. चाळिसाव्याला निघतो. पाच जानेवारी, शस्त्रक्रियेनंतरचा चाळिसावा दिवस. आमचा नाताळ सात जानेवारीला असतो, त्याला दोन दिवस होते. दुपारी माझा फोन वाजला.

"ताई, एक विचारू? तू पाव भाजतेयस का? माझ्या खोलीत वास येतोय... आजीच्या पावासारखा."

मी तशीच पळाले. पोचले तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता, तळहात उघडे ठेवून, त्यांच्याकडे बघत. दिवा पिवळा होता. मी स्वतःला सांगितलं, दिव्यामुळे तसे दिसतायत.

सकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती. नंतर झालीच नाही.

शरीराने किडनी झिडकारली असेल, म्हणून रायनाने सुईने तुकडा काढला. कापून बघितला आणि मला बोलावलं. "विदा, तीस वर्षं तू हेच काम करतेस. मला सांग, हे काय आहे?"

काचेखाली नळ्या होत्या, रक्तवाहिन्या होत्या. चाळणी एकही नव्हती. वण नाही, सूज नाही, काही नाही. जिथे जिथे असायला हवी, तिथे तिथे गोल रिकामी जागा.

मी म्हटलं, "माहीत नाही."

त्या दुपारी काळ्या खोलीत जाऊन मी बारा नंबर लावला. तो ओग्न्येनच्या यादीत नव्हता, कुणी विचारणार नव्हतं. मोजणी संपल्याची घंटा वाजली.

चौतीस.

आजीचा तुकडा एखाद्या वीस वर्षांच्या पोरीच्या किडनीसारखा दिसत होता. सत्तावन्न मी लावलाच नाही. हिशेब सोपा होता.

मिलिसाव चौदा फेब्रुवारीला गेला. शेवटच्या आठवड्यात त्याचं पाणी पुन्हा दोन पेल्यांवर आलं होतं. तो मागायचाही नाही. फाटकावर मी त्याचा कागद चिकटवला. खाली जुन्या कागदांच्या डिंकाचे थर होते. माझं काम सफाईदार आहे, एकही सुरकुती पडली नाही.

याला सहा वर्षं झाली. माझी उजवी किडनी चांगली आहे म्हणतात. असेल. मी निवृत्त झाले, पण कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच असते, आठवड्यातून दोनदा जाते.

मिलिसावच्या उरलेल्या तुकड्याची कुपी मी वरच्या खणात ठेवली होती, तो जिवंत असताना. तो गेल्याची चिठ्ठी आली, तेव्हा ती खाली ठेवायला हवी होती.

ठेवली नाही.

खाली बारा आहे. मी त्याला तिच्याशेजारी ठेवू?

पेर्सिदाबाई जाण्याआधी मला म्हणाल्या होत्या, "विदा, त्याला खाली ठेव. मेलेलं वर ठेवू नये. वर आणखी लोक आहेत." मी हो म्हटलं होतं. मग त्याही गेल्या. त्यांचा तुकडा कपाटात नव्हता, नशीब त्यांचं.

गेल्या बुधवारी दुपारी मी कपाट पुसत होते. सव्वा वाजला असावा. एकदम बाहेरची रहदारी गप्प झाली.

मी ओळखलं. भीती वाटली नाही. उलट मी वरच्या खणाला कान लावला. मला वाटलं, शीळ ऐकू येईल. एवढीच इच्छा आहे हो माझी. एकदा दातांतून शीळ ऐकू यावी.

खस्... खस्... खस्...

टक. टक.

वरच्याच खणातून.

मिलिसावने जन्मात कधी चाळणी हातात धरली नव्हती.

वरच्या खणात एकशे अठरा कुप्या आहेत. माणसं आहेत ती. बाजारात भेटतात, हात करतात. किल्ली माझ्या हातात होती. एक कुपी उचलून खाली ठेवायची, एवढंच काम होतं. मी तिच्यावर बोट ठेवलं. काच कोमट होती.

मग मी खण लावून घरी आले.

काल ओग्न्येनचा फोन आला. आता मोठा माणूस झालाय, दोन देशांत त्याची मशीनं आहेत, आमच्याकडच्या मशीनवर आता वरच्या खणातले तुकडेही लावतात, तरी केस तसेच आणि मावशी म्हणायचं सोडलेलं नाही. "मावशी, एक विचित्र गोष्ट. वरच्या खणातले आकडे हलायला लागलेत. कुणाची एक जातेय, कुणाच्या दोन. पूर्वी एकदा झालं होतं ना, तसं. तुम्हाला काही आठवतंय?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"मशीनच बिघडलं असेल," मी म्हटलं.

मिलिसावची कुपी अजून वरच आहे.